पान १ ते १४८

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. लेक अकरा आठवड्यांची असताना मी एका कादंबरीचं परीक्षण लिहिलं. चांगलं नऊशे शब्दांचं. भाषा, वातावरण, निवेदकाचा प्रामाणिकपणा, सगळ्यावर सविस्तर. कादंबरी ३१२ पानांची होती. मी १४८ पानं वाचली होती.

लेक व्हायच्या आधी मी वर्षाला सत्तर-पंच्याहत्तर पुस्तकं वाचायचो आणि दर रविवारी सकाळी त्यातल्या एकावर लिहायचो. सहा वर्षं हा नेम चालला. एकदा सणकून ताप होता तेव्हाही पांघरुणात बसून लिहिलं. याचा मला जरा गर्व होता. जरा नाही, चांगलाच होता. त्यामुळे बाळ येणार हे कळल्यावर लोक पाळणे आणि दुपटी बघतात तसं मी वेळापत्रक बघायला लागलो. शेवटच्या दोन महिन्यांत आठ परीक्षणं आगाऊ लिहून ठेवली, पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवावं तशी. आठ रविवार तरी निघतील, तोवर घडी बसेल, असा हिशोब.

या हिशोबाच्या मुळाशी एक वाक्य होतं: नवजात बाळ दिवसातले चौदा ते सतरा तास झोपतं. वाक्य खरंच आहे, कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी अगदी कंजूषपणे चौदाच धरले. त्यातले चार माझे. चार तास म्हणजे निवांत दीडशे पानं. बायकोला हे गणित दाखवलं तेव्हा ती पोटावर हात ठेवून इतकी हसली की मला वाटलं आत्ताच दवाखान्यात न्यावं लागतंय.

ते चौदा तास सुट्ट्या नाण्यांत मिळतात. बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागतं. त्यानंतर ढेकर, त्यानंतर लंगोट, त्यानंतर पुन्हा झोपवणं, आणि हे आटोपेपर्यंत पुढच्या दुधाची वेळ होते. दोन दुधांच्या मधे जे सुटं नाणं हातात येतं त्यात पुस्तक येत नाही. फार तर एक पान येतं. तेही आधी वाचलेलंच असतं.

पहिले पाच आठवडे मी काहीच वाचलं नाही. खोटं कशाला बोला, औषधाच्या बाटलीवरचं वाचलं. पण सहाव्या आठवड्यात एक शोध लागला. मोठी माणसं झोपली की आधी गाढ झोपेकडे जातात. नवजात बाळाचं उलट असतं. त्याची झोप सुरू होते ती चुळबुळत्या झोपेपासून: पापण्यांखाली डोळे फिरत असतात, ओठ हलतात, मधेच हसू फुटतं. आपल्याला वाटतं झोपली, म्हणून खाली ठेवायला जावं तर भोकाड. साधारण वीस मिनिटं गेली की ती गाढ झोपेत उतरते. त्याची खूण म्हणजे हात. मी तिचा हात दोन बोटांनी अलगद उचलायचो आणि सोडायचो. तो ओल्या फडक्यासारखा पडला तर समजायचं, पोरगी गेली. तिथून पुढे वीस-पंचवीस मिनिटं माझी. बाळाचं झोपेचं चक्र अख्खं पन्नास मिनिटांच्या आसपासचं असतं, त्यामुळे शेवटची काही मिनिटं धोक्याची. मी तर घड्याळ न बघता सांगू शकायचो, कारण तिचा श्वास बदलायचा आणि माझ्या मानेजवळ गरम फुंकर यायला लागायची.

बहुतेक वेळा ती माझ्या छातीवर असायची, म्हणजे वाचायला हात एकच. एका हाताने वाचायचं म्हटल्यावर पुस्तकांकडे बघायची माझी दृष्टीच बदलली. कोण लेखक, काय विषय, हे नंतर. आधी वजन. बाळाचं वजन करायला आणलेला काटा घरात होताच. एके दुपारी मी कपाटातली न वाचलेली पुस्तकं एकेक करून त्यावर ठेवली. ज्या जाडजूड कादंबरीची मी दोन वर्षं वाट बघत होतो ती १ किलो १४० ग्रॅम भरली. त्या आठवड्यात लेक होती ३ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात पाव लेकीहून जरा जास्तच. दहा मिनिटांत मनगट भरून येतं, मग पुस्तक छातीकडे झुकतं, आणि छातीवर कोण आहे ते सांगितलंच. तीनशे ग्रॅमच्या वरचं काही दिवसा वाचायचं नाही, असा नियम केला.

मग बांधणी. हा विषय मी आधी कधी मनावर घेतला नव्हता. नुसता गोंद लावून चिकटवलेलं पुस्तक एका हातात उघडं राहत नाही. अंगठा जरा ढिला पडला की टपकन मिटतं आणि पान गेलं. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक मात्र उशीवर उघडं ठेवलं तरी तसंच पडून राहतं, समजूतदार जनावरासारखं. माझ्याकडची जुनी, कडा पिवळ्या पडलेली, शिवलेली पुस्तकं अचानक भाव खाऊ लागली. कित्येक वर्षांत हात न लावलेले कवितासंग्रह बाहेर आले. कवितेचं एक बरं असतं, एक पान म्हणजे एक पान. मधे रडणं आलं तरी कविता मोडत नाही, फार तर उशिरा संपते. आणि कागद! गुळगुळीत जाड कागदाचं पान उलटताना जो कर्रकन आवाज होतो तो मी बाप होईपर्यंत ऐकलाच नव्हता. मऊ, खरबरीत कागदाची पुस्तकं बाळ असलेल्या घरासाठी उत्तम. परीक्षणात कागदाच्या आवाजाबद्दल कुणी लिहीत नाही. लिहायला हवं.

रात्रीचं वेगळं. रात्री दोन ते पाच माझी पाळी असते. बायको दूध काढून ठेवते आणि झोपते, मी बाटली घेऊन आरामखुर्चीत. त्यासाठी ई-रीडर काढला. त्याचा उजेड डोळ्यांत न येता पडद्यावर पडतो, पिवळसर करता येतो, आणि पान अंगठ्याने उलटतं. वाटलं, झालं, प्रश्न मिटला. दुसऱ्याच आठवड्यात मला खुर्चीतच डुलकी लागली. ई-रीडर हातातून निसटून फरशीवर आपटला त्या आवाजाने जाग आली. लेक माझ्या दंडावरून कुशीच्या कडेला घसरली होती, तोंड माझ्या सदऱ्यात. ती ठीक होती. माझे मात्र हात पुढचा तासभर थरथरत होते. बाळाला घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर झोप लागणं किती धोक्याचं, हे नर्सने आम्हाला घरी सोडताना दोनदा सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, म्हणजे ऐकलं नव्हतं. तेव्हापासून एक कडक नियम आहे: एकच ओळ तिसऱ्यांदा वाचली की पुस्तक बंद, लेक पाळण्यात, माझी पाळी बायकोकडे. मग बायको कितीही दमलेली असो. ती चिडत नाही. तो आवाज तिनेही ऐकला होता.

एकच ओळ तिसऱ्यांदा वाचणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तान्हं आहे त्यांना समजावायला नको. डोळे वाचतात, ओळ संपते, पण मागे काही उरत नाही. तीन पिढ्यांची कादंबरी घेतली होती. काका कोण, मामा कोण, वाड्याला आग कुणी लावली, सगळं एका रात्रीत धुऊन जायचं. शेवटी कागदावर वंशावळ काढून वाचनखूण म्हणून ठेवली. चौथ्या रात्री वंशावळीत माझंच अक्षर मला लागेना. लोक म्हणतात वेळ मिळत नाही. वेळ मिळतो हो. पण पान चाळीसवर काय झालं ते पान नव्वदपर्यंत धरून ठेवणारी जी मूठ असते ना डोक्यात, ती सैल पडते. लेकीच्या झोपलेल्या हातासारखी.

वाचनाचं असं, तर लिहिण्याचं काय सांगू. दोन्ही हात मोकळे मिळेनात म्हणून मी फोनला बोलून दाखवायला लागलो. येरझाऱ्या घालत, लेकीला थोपटत, कुजबुजत परीक्षण सांगायचं आणि फोन ते टिपून घेणार. कुजबुजलेलं मराठी त्या यंत्राला भलतंच ऐकू येतं. ‘कथानक’ म्हटलं की दर वेळी ‘कथा नको’ उमटायचं. एका मसुद्यात सलग सात वेळा ‘कथा नको’ आहे. मधे मधे ‘शू शू शू’ आणि ‘कोण आहे ते शहाणं’ हेही आहे. तो मसुदा मी पुसलेला नाही. माझ्या सगळ्या लिखाणात तोच एक खरा आहे असं बायकोचं मत.

इथे एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. मी रात्री उठतो, बाळाला घेऊन वाचतो, हे कुणाला कळलं की कौतुक होतं. “किती मदत करतो!” माझ्या बायकोला आजवर एकाही माणसाने म्हटलेलं नाही की तू किती मदत करतेस. तीही वाचणारी बाई आहे. रहस्यकथा, झपाट्याने, आठवड्याला दोन. पहिले तीन महिने तिने एकही पान वाचलं नाही आणि त्यावर कुणी लेख लिहिला नाही. मी माझ्या न वाचण्यावर हा एवढा मोठा लिहितोय. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

तर ती कादंबरी. साठवलेलं सरपण संपलं होतं. आठ रविवार उलटून तिसरा रविवार उजाडत होता, आणि मधले दोन मी जुन्या टिपणांवर कसेबसे ढकलले होते. ही कादंबरी खरंच आवडली होती. निवेदक एक म्हातारा शिक्षक, आपल्या घराची कहाणी सांगतोय, स्वतःच्या चुका न लपवता. १४८ पानांपर्यंत मी त्याच्या प्रेमात होतो. शनिवारी रात्री लेकीने डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पहाटे साडेपाचला ती झोपली आणि मी लॅपटॉप उघडला. उरलेली १६४ पानं वाचणं शक्य नव्हतं. न लिहिणंही, का कोण जाणे, शक्य वाटलं नाही. मग लिहिलं. लबाडी कशी करायची हे हाताला आपोआप कळतं: शेवटाचा उल्लेख टाळायचा, ‘कादंबरी उत्तरोत्तर गडद होत जाते’ असं काहीतरी मोघम टाकायचं. सगळ्याच कादंबऱ्या उत्तरोत्तर गडद होतात. मी खास करून लिहिलं की या निवेदकासारखा पारदर्शक माणूस अलीकडच्या वाचनात भेटला नाही.

मंगळवारी एका वाचक बाईंची मेल आली. लेख आवडला, पण एक विचारायचं होतं. बहीण परत येऊन जे सांगते त्यानंतरही निवेदक तुम्हाला पारदर्शक वाटला, हे कसं काय? त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता.

मला कुठलीही बहीण माहीत नव्हती.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण केलं. “शेवटाविषयी लिहिलं तर इतरांचा रसभंग होईल, म्हणून मुद्दाम टाळलं,” असं उत्तर पाठवलं. त्या बाईंनी “हो, बरोबर आहे” असं परत लिहिलं. ते वाचून जास्त वाईट वाटलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी ती कादंबरी संपवली. तीन आठवडे लागले, हात पडण्याची वाट बघत, दिवसाला सात-आठ पानं. बहीण २४१व्या पानावर येते. आणि येऊन जे सांगते त्यावरून कळतं की हा म्हातारा पहिल्या पानापासून खोटं सांगत होता. मोठं खोटं नाही, सोयीचं. जिथे जिथे तो चूक कबूल करतो तिथे तिथे त्याहून मोठी चूक झाकत असतो. म्हणजे ज्या पारदर्शकपणाची मी नऊशे शब्दांत आरती ओवाळली होती तोच लेखकाने लावलेला सापळा होता, आणि मी त्यात पडून वर झोपी गेलो होतो.

बायकोला सगळं सांगितलं. ती लेकीचे इवलेसे मोजे जोडीने लावत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे निवेदकापेक्षा तूच जास्त खोटारडा निघालास.” आणि थोड्या वेळाने, “छान आहे रे कादंबरी. मला दे.”

त्या बाईंना मी खरं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आजवर आलेलं नाही, आणि त्यांनी ते का पाठवावं? लेखाच्या वरती एक ओळ घातली: हे परीक्षण लिहिताना पान १ ते १४८ एवढंच वाचलं होतं, उरलेलं नंतर वाचलं आणि खालचं बरंचसं चुकीचं ठरलं. लेख काढून टाकला नाही. दुसऱ्या वाचनावर वेगळा लेख लिहिला. तो बरा जमला, कारण अर्ध्यावर फसलेला वाचक कसा दिसतो हे मला आतून ठाऊक होतं.

तेव्हापासून प्रत्येक लिखाणाच्या डोक्यावर पानांचा आकडा असतो. पान १ ते ६०. पान २३ फक्त. एकदा नुसती अर्पणपत्रिका आणि पहिला परिच्छेद. रविवार पाळणं सोडलं. जेव्हा होईल तेव्हा. पहिले दोन-तीन रिकामे रविवार फार जड गेले, सकाळी उगाच लॅपटॉपभोवती घुटमळायचो. नंतर लक्षात आलं की कुणीच विचारलेलं नाही. सहा वर्षांच्या नेमाला हे जरा लागलं, पण ते असो. आणि एका पानावर लिहायला बसलं की त्या पानाकडे जितकं बघायला मिळतं तितकं सत्तर पुस्तकं वाचताना कधीच मिळालं नव्हतं. मागे मी एका कवितेतल्या फक्त विरामचिन्हांवर लिहिलं. आधी असं काही लिहिलं असतं तर मीच मला हसलो असतो.

मोठ्याने वाचणं हा दुसरा उद्योग. बालरोगतज्ज्ञ जन्मापासूनच बाळाला वाचून दाखवा म्हणतात, पण काय वाचावं याबद्दल पहिले काही महिने बाळाची कसलीच अट नसते. म्हणून माझं जे चालू असेल तेच वाचतो. समीक्षेचे लेख तिला विशेष मानवतात. तान्ह्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे बरोबर मांडीवरून वाचणाऱ्याच्या तोंडापर्यंतचं अंतर. त्यामुळे सुरुवातीला ती पुस्तकाकडे ढुंकूनही न बघता माझ्या ओठांकडे टक लावायची, आणि ‘संरचनावाद’सारख्या शब्दाला खुदकन हसायची.

१९८६ साली अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी एक प्रयोग केला होता. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एक ठरावीक उतारा मोठ्याने वाचायचा. बाळं जन्मल्यावर त्यांच्या तोंडात एक खास चोखणी दिली. चोखण्याच्या लयीनुसार ओळखीचा उतारा ऐकू येई किंवा अनोळखी. बाळं ओळखीचा उतारा ऐकू येईल अशा बेताने चोखत होती. वाचणारी बाई आपली आई नसली तरीसुद्धा. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं, कारण शेवटच्या दोन महिन्यांत ती आठ परीक्षणं मी तिला मोठ्याने वाचून दाखवली होती, प्रत्येक निदान दोनदा. बापाचा आवाज आईच्या आवाजाइतका आत पोचत नाही ते मान्य. तरी काहीतरी पोचलं असेल. “पोचलंच आहे,” बायको म्हणाली. “म्हणून तर तू वाचायला लागलास की झोपते.”

आता ती आठ महिन्यांची आहे. छातीवर झोपण्याचे दिवस संपले, हात उचलून बघायचेही. आता तिला पुस्तकच हवं असतं, खायला. मागच्या महिन्यात ग्रंथालयातून आणलेल्या एका निबंधसंग्रहाचा वरचा कोपरा तिने कुरतडला, पान ८९ ते ११२. परत करताना मी तो कोपरा बोटाने दाबून धरून टेबलावर ठेवला. टेबलापलीकडच्या बाईंनी माझं बोट बाजूला केलं, कोपरा बघितला आणि विचारलं, “दात कितवा?” मी म्हटलं, दुसरा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाऊ दिलं.

वाचनखूण ठेवायची सोय राहिलेली नाही. ती दिसली की ओढायची आणि तोंडात घालायची, एवढंच तिचं काम. पान दुमडायला माझा हात धजत नाही, सहा वर्षं लोकांना दुमडू नका म्हणून सांगितलंय. म्हणून सध्या मी पानाचा आकडा डाव्या तळहातावर पेनाने लिहितो. परवा तिला आंघोळ घालताना तो पुसला गेला. २३ होता की २८, आठवेना. २३ पासून सुरू केलंय.